इहीर आटनी, मया सुना : एका नाट्यगीतकाराचं प्रकरण

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका जुन्या विद्यार्थिनीनं मला व्हिडिओ पाठवला. हळदीचा मांडव, पिवळ्या साड्या, डीजेचे खोके आणि त्या दणदणाटात आमच्या नाटकातलं पद. लय दुप्पट केली होती, मध्ये सनई घातली होती, पण शब्द तेच. खाली एक ओळ होती : ‘पारंपरिक खान्देशी लोकगीत’.

ते पद पारंपरिक नाही. कुठल्या दुपारी, कुठल्या शाळेच्या ओट्यावर, कुणाच्या वहीत ते उतरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लिहिणारा माणूस हयात आहे. अमळनेर तालुक्यात राहतो, रोज सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतो. मग त्याचं पद जिवंतपणीच पारंपरिक कसं झालं? या प्रकरणात मीही एक पक्ष आहे, त्यामुळे माझ्या वाट्याचंही जसं घडलं तसंच लिहिते.

त्यांना इथे आप्पा म्हणते. नाव हरवल्याच्या गोष्टीत नावच द्यायचं नाही हे मलाही बोचतं. पण व्हिडिओ काढणाऱ्यांशी बोलणं अजून चालू आहे, आणि ते संपेपर्यंत नाव नको असं त्यांच्या मुलीनं सांगितलं आहे.

आप्पा

बोरी नदीच्या काठी जन्म. १९७२ च्या दुष्काळात ते अकरा वर्षांचे होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, धाकट्या बहिणीला सांभाळायला आप्पा सोबत. त्या वर्षीची मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, पत्र्याच्या पिंपातलं कोमट पाणी हे सगळं त्यांच्या बोलण्यात अजून येतं. वडील भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. गावात ‘वही’ हा लोकगायनाचा प्रकार गाणारं मंडळ होतं, ते रात्र रात्र गायचं. वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे तंबूच्या कनातीखालून आत सरकून तमाशा पाहिल्याचं ते आजही लाजत सांगतात. गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा क्रम त्यांना दहाव्या वर्षी तोंडपाठ होता.

पुढे डीएड झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि लिहिणंही सुरू झालं. त्यांच्या लिखाणाचं स्वरूप नीट पाहण्यासारखं आहे, कारण खेड्यापाड्यातला गीतकार असाच घडतो. कुणी त्याला ‘कविता लिही’ म्हणत नाही, कामच दारात येऊन उभं राहतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला स्वागतगीत हवं. नव्वदच्या सुमाराला साक्षरता अभियान आलं, कलापथकाला गाणी हवीत. २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा हागणदारीवर गाणं हवं, आणि तेही बायकांना म्हणायला लाज वाटणार नाही असं. तमाशाच्या एका फडाला जुनी चाल होती, तिच्यावर नवी गवळण हवी होती. आणि बारा महिने लग्नं. लग्नात मंगलाष्टक हवंच, त्यात वधू-वरांची, आई-वडिलांची, मामांची, गावाची नावं बसायला हवीत.

मंगलाष्टकं हीच आपली खरी शाळा, असं आप्पा म्हणतात. ती शार्दूलविक्रीडितात. चरणाला एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, लघु-गुरूचा क्रम ठरलेला. त्यात ‘पंढरीनाथ’ हे नाव बसवायचं आणि मुलीकडचं गावही. अक्षर पुढे-मागे झालं की म्हणणाऱ्या भटजींची जीभ अडखळते, आणि अक्षता हातात घेऊन उभा असलेला मांडव ते ऐकतो. अशी तीनशेच्या वर मंगलाष्टकं त्यांनी लिहिली. मोबदला म्हणजे टोपी, उपरणं, नारळ आणि पंगतीत आग्रहानं वाढलेलं पुरण. एकाही पत्रिकेवर त्यांचं नाव नाही. त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

फडासाठी लिहिलेल्या गवळणीत आणि लावणीत मात्र नाव असायचं. शेवटच्या कडव्यात कवीनं आपली नाममुद्रा घालायची ही तिथली रीत. अभंगात आहे, पोवाड्यात आहे. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या तर त्यांच्या नावानंच संपतात. गाणं शंभर तोंडांतून गेलं तरी नाव त्यात शिवलेलं राहतं. पुढच्या गोष्टीत या मुद्रेला महत्त्व आहे.

नाटक आणि ते एक पद

आमची हौशी मंडळी जळगावची. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण केळी खरेदीच्या ग्रुपवर वजनं लिहिणारा. १९७२ च्या दुष्काळावर दोन अंकी संगीत नाटक करायचं ठरलं. संहिता मी लिहिली. पदं मला लिहिता येत नाहीत, म्हणून निवृत्त झालेल्या आप्पांकडे गेले. सात पदं मागितली. मानधन अकराशे रुपये आणि शाल-श्रीफळ. आकडा मीच ठरवला, त्यांनी मान हलवली. कागद केला नाही.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा मागितली, तिचं मला आज वाईट वाटतं. नाटकातली माणसं अहिराणी बोलतात, पण पदं प्रमाण मराठीत लिहा, असं सांगितलं. स्पर्धेला परीक्षक बाहेरून येतात, त्यांना कळायला हवं, हे कारण दिलं. त्यामागे एक जुनी सवयही होती. संगीत नाटकात पात्र बोलतं घरच्या भाषेत आणि गायला लागलं की भाषा जरीची शाल पांघरते. ते आपण इतकं ऐकलंय की पद म्हटलं की शाल आलीच असं वाटतं.

दुसऱ्या अंकात बायजा खडी फोडत असते. नवऱ्यानं बैलजोडी विकल्याची बातमी तिला तिथेच कळते. त्यावर ती बोलत नाही, हातोडी उचलते आणि गाते. सोबत पाच बायका. रंगमंचावर खरे दगड ठेवले होते. कपच्या उडू नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरलं होतं, आणि प्रत्येक समेवर सहा हातोड्या एकदम पडायच्या. चाल पिलू रागाच्या अंगाची, ठेका कहरवा. आमचे पेटीवाले आणि संगीतकार एकच.

आप्पांनी दिलेली पहिली ओळ अशी होती :

विहिरी आटल्या, रान हे सुन्न

वाचताना अंगावर काटा आला होता. ‘सुन्न’ या शब्दापाशी मी थांबलेच. सुन्न माणूस असतो, आप्पांनी रान सुन्न केलं. मी त्याच दिवशी ओळ मंजूर केली.

तालमीत ती बसेना. पंधरा दिवस बसेना. बायजाची भूमिका करणारी मुलगी यावलकडची, आवाज मोकळा, सूर पक्का, तरी ओळीच्या टोकाशी येऊन तिचा आवाज विझायचा. हातोड्या पडायच्या आणि शब्द ऐकू यायचा नाही. संगीतकारांना वाटलं ताल चुकतोय. मला वाटलं मुलीला अर्थ कळत नाहीये. मी तिला दुष्काळावर दोन तास सांगितलं. बिचारी रडली. शेवटी आप्पांना बोलावलं. खरं तर त्यांना पहिल्या दिवशीच बोलवायला हवं होतं. गीतकार पदं देतो आणि घरी जातो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मे महिना होता. शाळेच्या हॉलमधला पंखा गरम वाराच फेकत होता. आप्पा एसटीनं आले, पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. मागच्या बाकावर बसले आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरवायला लागले. एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार, चार बोटांची सोळा. कहरव्याच्या दोन आवर्तनांत मात्राही सोळाच. एक ओळ म्हणजे एक हात. मुलगी गायली, अंगठा सरकत गेला. वि-हि-री चार, आ-ट-ल्या पाच, रान तीन, हे दोन. चौदा झाल्या. ‘सुन्न’च्या तीन. करंगळीचं टोक आलं आणि शब्दाचं शेपूट हाताबाहेर राहिलं.

“ताई,” ते म्हणाले, “हात सरना, शबद सरना नही.”

ओळ सतरा मात्रांची होती. सतरावी मात्रा पुढच्या समेवर सांडत होती, आणि समेवर सहा हातोड्या पडत होत्या. ज्या शब्दासाठी मी ओळ मंजूर केली, त्याच्याच डोक्यावर घण. आणि मात्रा कमी केली असती तरी प्रश्न सुटला नसता. चालीत ओळीचा शेवटचा स्वर लांबवायचा होता, बायजाचं दुःख त्या लांबणीत होतं. ‘सुन्न’मध्ये लांबवायला काय आहे? ‘सु’ लांबवला तर तोंड चंबूसारखं होतं, ‘न्न’ धरला तर आवाज नाकात जातो. कागदावर हा शब्द वाचणाऱ्याला थांबवतो. तोंडात गाणाऱ्याला थांबवतो.

आप्पा ओट्यावर जाऊन बसले. वही उघडली, जुनी ओळ खोडली. पंधरा-वीस मिनिटांनी आत आले आणि मला न विचारता सरळ त्या मुलीला म्हणाले, हे म्हणून पाहा :

इहीर आटनी, मया सुना

इ-ही-र चार, आ-ट-नी पाच, म-या तीन, सु-ना तीन. पंधरा. सोळावी मात्रा ‘ना’च्या आकारात मोकळी सोडलेली. अंगठा करंगळीच्या टोकावर येऊन थांबला तेव्हा मुलीचा आकार हॉलभर भरून राहिला होता, आणि तो संपल्यावर हातोड्या पडल्या. पेटीवाल्यांनी पेटी बंद केली आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

माझी प्रमाण मराठीची अट आप्पांनी मोडली होती. का मोडली ते त्यांनी नंतर भाकरी खाताना समजावलं. ‘मळा’ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, तिथे आवाज एक उंबरा ओलांडतो. अहिराणीत ळ चा य होतो : मळा-मया, डोळा-डोया, आभाळ-आभाय. य ला उंबरा नाही. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात आवाज पाण्यासारखा उतरतो. जात्यावर, झोक्यावर, खडीवर बसलेल्या बायका हेच तर गात आल्या, आणि त्यांना कुणी जिभेचं शास्त्र शिकवलं नव्हतं. यावलची ती मुलगी लेवा बोली बोलणारी. तिच्याकडेही ळ चा यच होतो, त्यामुळे शब्द तिला परके वाटले नाहीत. अहिराणीचं ‘पडस’, ‘करस’ तेवढं शिकावं लागलं. कारण पुढचा पालुपदाचा तुकडा होता ‘घन पडस, मन दडस’, आणि त्यात दोन्हीकडे पहिल्या अक्षरावर हातोडी.

त्या आठवड्यात आप्पांनी सातही पदं अहिराणीत नव्यानं लिहिली. मी अडवलं नाही.

चालीवर शब्द, शब्दांवर चाल

या प्रसंगानंतर मी संगीत नाटकांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून साकी, दिंडी, कामदा असे लोकांच्या कानातले साचे नाटकात आले. दिंडीची ओळ एकोणीस मात्रांची, नवावर यती. साचा आधीच गायला जात होता, त्यामुळे शब्द तोंडात बसतील याची हमी साचाच द्यायचा. पुढे १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांच्या चाली आल्या आणि चालीच्या वळणावर शब्द बसवण्याची कसरत नाटककाराच्या वाट्याला आली. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. शब्द लिहिणारा, चाल देणारा आणि गाणारा एकमेकांच्या जवळपास असायचे. कंपनीच्या बिऱ्हाडात एका पंगतीला जेवणाऱ्यांना मात्रा सांडली तर ती कुठे सांडली हे दुसऱ्या दिवशीच कळायचं. आमच्याकडे पद आलं ते व्हॉट्सॲपवर, फोटोच्या रूपात.

दुसरी आठवण ‘एकच प्याला’ची. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले. नाटक लिहून झालं होतं, पदं राहिली होती. ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली, आणि महिनाभरात गंधर्व मंडळीनं नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या तोंडची ती पदं बालगंधर्वांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. आमच्या जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. तिथे बसलेल्या शंभर जणांना विचारलं की त्या पदांचे शब्द कुणाचे, तर बहुतेक गडकऱ्यांचं नाव घेतील आणि उरलेले बालगंधर्वांचं. गुर्जर कथालेखक म्हणून आपल्या काळात नावाजलेले होते, तरी हे होतं. त्यात कुणाची लबाडी नाही. पद रंगभूमीवर आलं की ते पात्राचं होतं. सिंधू गाते आहे असं वाटलं नाही तर पद फसलं, आणि तसं वाटलं की लिहिणारा दिसेनासा झाला. लिहिणाऱ्यानं आपलं काम जितकं चांगलं केलं, तितका तो पुसला जातो.

इथेच आमच्या प्रकरणाची गाठ आहे.

आप्पांनी बायजाच्या पदाचं शेवटचं कडवं फडाच्या रीतीनं लिहिलं होतं. त्यात त्यांची नाममुद्रा होती. तालमीत मी ती काढायला लावली. म्हटलं, आप्पा, बायजा खडी फोडतेय, तिच्या तोंडी तुमचं नाव कसं येईल? तिथे तुम्ही कुठे आहात?

ते म्हणाले, “मी तठेच व्हतू, ताई. मायना जोडे.” मी तिथेच होतो, आईजवळ.

मी हसून विषय बदलला. त्यांनी कडवं खोडलं, दुसरं लिहिलं. मुद्रा काढायला लावली हे नाटक म्हणून मला अजूनही बरोबर वाटतं. बायजाच्या तोंडी कवीचं नाव आलं असतं तर प्रसंग मोडला असता. पण ज्या जागी नाव शिवलेलं होतं ती जागा मी उसवली, तेव्हा दुसरीकडे कुठेतरी ते तितकंच घट्ट शिवणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

नाव कुठे कुठे गळलं

हँडबिलाच्या पहिल्या मुद्रितात ‘गीते’ अशी ओळ होती. मग एका कृषी सेवा केंद्राची जाहिरात मिळाली, जागा कमी पडली, छापखान्यातून फोन आला, आणि ‘लेखन-दिग्दर्शन’, ‘संगीत’, ‘प्रकाश’ ठेवून ती ओळ गेली. मी फोनवर ‘चालेल’ म्हणाले. हा शब्द मला अजून आठवतो.

प्रयोगाआधीच्या निवेदनात त्यांचं नाव होतं, पण तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात. एका कलाकाराच्या भावानं दुसऱ्या प्रयोगात ते पद मोबाइलवर टिपलं आणि टाकलं, शीर्षक दिलं ‘अहिराणी खडी गीत’. आम्ही सगळ्यांनी आनंदानं ते पुढे पाठवलं, मीही. आप्पांचं नाव त्यात नव्हतं हे माझ्या लक्षात आलं होतं. पुढच्या वेळी लिहू, असं वाटलं.

पुढच्या वेळी ते आमच्या हातात राहिलं नव्हतं. खान्देशात अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंना मोठा प्रेक्षक आहे, लग्नसराईत तर मागणीच मागणी. गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका मंडळींनी ते मोबाइलवरून ऐकलं, दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं आणि खाली ‘पारंपरिक’ लिहिलं. आम्ही फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस मनापासून गोंधळला होता. त्याला ते खरंच जुनं गाणं वाटलं होतं. त्याची आजी असंच काहीतरी म्हणायची, असं तो म्हणाला. यात वाईट काय वाटून घ्यावं आणि अभिमान कशाचा धरावा, मला कळेना. गीतकाराला याहून मोठी पावती कुठली? पण ‘पारंपरिक’ या शब्दाला दुसरी बाजूही आहे. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे विचारायला नको, द्यायला नको. खान्देशातल्या बायकांची किती गाणी या एका शब्दाखाली गेली असतील. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी उतरून घेतल्या आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये छापल्या गेल्या, म्हणून आज त्या बहिणाबाईंच्या आहेत. घरात उतरवून घेणारं कुणी नसतं तर त्याही असोद्याच्या शिवारात ‘पारंपरिक’ म्हणूनच फिरल्या असत्या.

कागद

एका वकील मैत्रिणीकडे बसून आम्ही समजून घेतलं ते थोडक्यात सांगते. हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर पुढचा अर्धा त्रास वाचला असता.

गीत ही कायद्यानं साहित्यकृती आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ चा. त्यानुसार हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो. नोंदणी केली तर पुरावा बळकट होतो, पण नोंदणी नसली म्हणून हक्क जात नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे आप्पांनी अकराशे रुपये आणि शाल घेतली म्हणून पद आमचं झालं नव्हतं. ‘पदं मंडळाची आहेत’ असं मी दोन ठिकाणी बोलून गेले होते, ते साफ चूक होतं. हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार कलम ५७ नं लेखकाकडेच राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात आलेल्या गीताच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला ते ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या नावे लिहून देऊनही सोडता येत नाही. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायदा सूट देतो. आमचं तिकीट पन्नास रुपये होतं, त्यामुळे ती सूटही आम्हाला नव्हती.

पुरावा काय, हा पुढचा प्रश्न. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. आम्ही ती पदांसकट पाठवली होती, तिच्यावर तारीख होती. पण खरी कामाला आली ती आप्पांची वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाळेत हजेरीला वापरतात तशी. प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक, कारण तीस वर्षं फळ्यावर रोज तेच लिहिलेलं. एका पानावर ‘विहिरी आटल्या, रान हे सुन्न’, त्यावर एकच सरळ रेघ, बाजूला पेन्सिलनं १७, खाली ‘इहीर आटनी, मया सुना’ आणि १५. पुढच्या पानावर खोडलेलं मुद्रेचं कडवं. मैत्रीण ते पान उन्हाकडे धरून बघत राहिली. म्हणाली, परंपरेत खाडाखोड नसते. ही खाडाखोडच सांगते की हे एका माणसानं लिहिलं.

व्हिडिओ काढून टाकायची मागणी करायची का, हे आप्पांना विचारलं. ते नाही म्हणाले. “गाऊ द्या. नाव लिव्हा म्हना.” मुलीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, बाबांनी आयुष्यभर असंच सोडून दिलं, आता पैसेही मागितले पाहिजेत. मला मुलीचं पटतं. आप्पांची मागणी त्यांना शोभते, पण पुढे लिहिणाऱ्या पोरांना टोपी-उपरण्यावर किती दिवस लिहायला लावायचं? शेवटी पत्रात दोन्ही गोष्टी गेल्या : नाव आणि लेखी करार. नाव आठ दिवसांत लागलं. ‘पारंपरिक’ शब्द गेला, गीतकार म्हणून आप्पांचं पूर्ण नाव आलं, गावासकट. कराराचं बोलणं चालू आहे. त्या व्हिडिओवरून इतरांनी केलेले दहा-बारा व्हिडिओ अजून जुन्याच शीर्षकानं फिरत आहेत, त्यांच्यामागे किती धावणार.

आमच्या मंडळात आता गीतकाराशी दोन पानांचा करार होतो, आणि गीतकार पहिल्या वाचनापासून तालमीला असतो. प्रवासखर्च मंडळाचा. हँडबिलावर जाहिरात कितीही मोठी आली तरी ‘गीते’ची ओळ हलत नाही. आप्पांना मी नव्यानं मानधन दिलं, त्यांनी ते नातवाच्या नावानं पोस्टात ठेवलं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या गावी गेले होते. घरी खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. दुपार कलल्यावर माहेरी आलेल्या मुली कडुनिंबाच्या झोक्यावर जमल्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो. झोका वर गेला आणि त्यांनी ‘इहीर आटनी’ धरलं. संथ, झोक्याच्या लयीत, हातोड्या नाहीत. पण शब्द वेगळा होता. त्या म्हणत होत्या ‘इहीर आटनी, माया सुनी’. मळा जाऊन माया आली होती. सासरहून आलेल्या पोरी, त्यांना मळ्यापेक्षा ते जवळचं.

मी आप्पांकडे पाहिलं. अंगठा पेरांवर सरकत होता. चार, पाच, चार, तीन. करंगळीचं टोक. सोळा पुऱ्या.

ते आत गेले, वही घेऊन आले. नवीन पानावर उजव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक घातला, ओळ उतरवली आणि खाली, हे बायांचं अशा अर्थानं, लिहिलं : हाई बायास्नं.